सुडेप (फिट्सच्या आजारात, म्हणजे एपिलेप्सीत, येणारा अचानक मृत्यू) : फिट येणाऱ्या माणसाला हे सांगायचं की नाही?

अबोली
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच महिने गेले, आज लिहून टाकते. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. वय २३. झोपेत गेला. त्याला नववीपासून फिट्स यायच्या, वर्षाला चार-पाच, मोठ्या. सगळं अंग आखडायचं, झटके, दातखीळ, जीभ चावली जायची, मग दोन तास गाढ झोप आणि उठल्यावर पहिला प्रश्न, किती वाजले. घरात इतकी सवय झाली होती की आई एका हाताने त्याला कुशीवर वळवायची आणि दुसऱ्या हाताने गॅस बंद करायची.

आम्हाला भीती कशाची वाटायची ते सांगते. रस्त्याची. पाण्याची. गच्चीची. बाथरूमची कडी आतून लावायची नाही हा नियम होता, दाराला आतून टॉवेल अडकवायचा म्हणजे आत कोणी आहे हे कळायचं. गाडी शिकू दिली नाही, विसर्जनाला घाटाच्या वरच्या पायरीवर उभा राहायचा, मित्र खाली पाण्यात. पण एकदा तो गादीवर आडवा झाला की आम्ही सगळे निर्धास्त. "गादीवर आली तर आली, पडणार तरी नाही" हे माझ्या आईचं वाक्य, मी शंभर वेळा ऐकलंय.

नोकरीसाठी तो दुसऱ्या शहरात गेला. आधी तिघांत एक खोली होती. मुलं रात्री उशिरापर्यंत जागायची, याची झोप मोडायची, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की जागरण चालणार नाही. म्हणून आम्हीच आग्रह करून त्याला एकट्याची खोली घ्यायला लावली, वरचे तीन हजार बाबा पाठवायचे. एका शुक्रवारी सकाळी फोन उचलेना. मालकांनी दार तोडलं तेव्हा तो पालथा होता, तोंड उशीत.

त्यानंतर जे झालं ते शत्रूवर येऊ नये. पोलीस, पंचनामा, "काही घेतलं होतं का, कोणाशी भांडण होतं का, मुलीचं प्रकरण वगैरे". त्याच्या जुन्या रूममेट्सना बोलावून विचारलं. व्हिसेरा राखून ठेवला आणि कित्येक महिन्यांनी रिपोर्ट आला की विष वगैरे काही नाही. सर्टिफिकेटवर कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. ते तर प्रत्येकच मेलेल्या माणसाचं पडतं ना.

त्याच्या बॅगेत गोळ्यांची दहाची स्ट्रिप होती. सोमवारी सकाळी नवीन फोडलेली, कारण रविवारी रात्रीच जुनी संपली असं त्याने मला मेसेज केला होता. दिवसाला दोन. शुक्रवारी सकाळी दोन उरायला हव्या होत्या. सात होत्या.

सुडेप हा शब्द मला नंतर चार महिन्यांनी कळला, तोही डॉक्टरांकडून नाही. डिस्नेच्या मालिकांत काम करणारा कॅमेरॉन बॉइस नावाचा २० वर्षांचा अमेरिकन नट जुलै २०१९ मध्ये झोपेत गेला होता, त्याच्याबद्दलच्या एका जुन्या बातमीत वाचला. एपिलेप्सी असलेल्या माणसाचा अचानक, दुसरं कोणतंही कारण न सापडणारा मृत्यू. त्याला नाव आहे! इतक्या लोकांना होतं की नाव दिलंय! मी नंबर लावून भावाच्या डॉक्टरांना भेटायला गेले. ते शांतपणे म्हणाले, हो, असं होऊ शकतं, रेअर आहे, सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता.

घाबरलो असतो हो. घाबरून त्याला एकट्याची खोली घेऊ दिली नसती. नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी "गोळी चुकवू नका" एवढंच ऐकलं, का चुकवू नका ते कोणी सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं चुकली तर फिट येईल, आणि फिट तर आम्ही बघितलेलीच होती.

तर प्रश्न एवढाच. सांगायला हवं की नको? इथे डॉक्टर मंडळी आहेत, फिट्स असलेले लोक आहेत, आईवडील आहेत. मोकळेपणाने लिहा, मला वाईट वाटेल म्हणून थांबू नका.

बार्शीकर
वाचून सुन्न. नंतर सविस्तर लिहितो.

चहाटपरी
ताई, खूप वाईट झालं. पण एक विचारू का, राग मानू नका. जे कोणाच्या हातात नाही ते सांगून काय होणार? आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात. आधीच फिट्सवाल्या मुलांना लोक जगू देत नाहीत, त्यात हे अजून.

अबोली
@चहाटपरी राग नाही. पण हातात काहीच नाही हे मला पटत नाही. त्या पाच गोळ्या हातात होत्या. खोली हातात होती.

रिफ्लेक्स_हॅमर
अबोलीताई, मी न्यूरोलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. आधी कबुली देतो, प्रॅक्टिसची पहिली पाच-सहा वर्षं मीही हे कोणालाच सांगत नव्हतो. आम्हाला शिकवतानाच सांगायची सवय लावली जात नाही. आणि हे फक्त आपल्याकडे नाही, अमेरिका आणि कॅनडातल्या न्यूरोलॉजिस्टचा एक सर्व्हे २०१४ मध्ये छापून आला, त्यात आपल्या जवळजवळ सगळ्या पेशंटना सुडेपबद्दल सांगणारे १०० मध्ये ७ सुद्धा नव्हते.

कारणं सांगतो, सबब म्हणून नाही. ओपीडीत सत्तर-ऐंशी पेशंट, बाहेर नंबरावरून भांडणं चालू. समोर मुलगी बसलेली, लग्न ठरतंय, सासरकडचं माणूस सोबत. किंवा पहिलीच फिट, घरचे आधीच रडतायत. अशा वेळी "झोपेत मृत्यू" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. आणि मनात एक असतं की हे ऐकलं तर ते गोळ्या सोडून बाबाबुवाकडे जातील. अनुभव मात्र उलटा आहे. नीट सांगितलं की लोक गोळ्या जास्त नेमाने घेतात.

आता आकडे, कारण आकडे माहीत नसले की भीती नुसती फुगत जाते. अमेरिकेतल्या न्यूरोलॉजी आणि एपिलेप्सीच्या संघटनांनी २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्रौढांमध्ये वर्षाला साधारण १००० एपिलेप्सीवाल्यांमागे १ असा धोका धरलाय. मुलांमध्ये तेव्हा ४५०० मागे १ धरला होता, पण नंतर स्वीडन आणि कॅनडाच्या अभ्यासांत मुलांचा आकडाही मोठ्यांच्या जवळपास निघाला, त्यामुळे मी आता मुलांच्या आईवडिलांनाही सांगतो. हा झाला सरसकट आकडा. प्रत्येकाचा वेगळा असतो. ज्याच्या फिट्स पूर्ण बंद आहेत त्याचा फार कमी. ज्याला मोठ्या, पूर्ण अंगाच्या फिट्स वर्षाला तीन किंवा जास्त येतात त्याचा कितीतरी पटीने जास्त, त्या सूचनांत १५ पट म्हटलंय.

होतं कसं? मोठ्या फिटनंतर मेंदूचं काम काही वेळ एकदम मंदावतं, ईईजीवरची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावरची, रेघ जवळपास सपाट होते. श्वास चालवणारा भागही त्यात सापडतो. जगभरच्या एपिलेप्सी मॉनिटरिंग युनिटमधल्या, म्हणजे पेशंटला ईईजी आणि कॅमेरा लावून ठेवतात तिथल्या नोंदी गोळा करून २०१३ मध्ये मॉर्टेमस नावाचा अभ्यास आला. त्यात दिसलं की आधी श्वास कायमचा थांबतो, मग हृदय, आणि हे फिट संपल्यावर काही मिनिटांतच. बहुतेक रात्री. बहुतेक पालथे. जे वाचले त्यांच्यातल्या बहुतेकांना तीन मिनिटांच्या आत सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय-श्वास चालू करायचा उपचार, मिळाला होता.

म्हणून तुमची ती गादीची गोष्ट वाचून मी थांबलो. मी स्वतः कितीतरी घरांना "पाण्यापासून, आगीपासून जपा" सांगत आलोय, रात्रीबद्दल काही बोललोच नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी ताई. कोणी खोलीत असतं तर तो वाचलाच असता असं मी म्हणू शकत नाही, कोणीच म्हणू शकत नाही. शेजारी माणूस झोपलेलं असतानाही झालेलं आहे. सोबतीने शक्यता कमी होते, एवढंच. आणि ती खोली तुम्ही डॉक्टरांचं ऐकून, त्याच्या झोपेसाठी घेतलीत.

अबोली
डॉक्टर, शेवटची ओळ आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. पण थँक्यू.

रातराणी
मी दुसरी बाजू लिहिते. माझी मुलगी आठ वर्षांची. झोपेत गालाला, ओठाला झटके येतात, दोनदा मोठी फिट आली. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, तिच्यासमोरच, कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं की एपिलेप्सीत अचानक मृत्यूचाही धोका असतो, इथे सही करा. पुढे काय करायचं ते काही नाही. घरी येऊन मी तीन महिने झोपले नाही, खरंच सांगते, तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसायचे. नवरा म्हणाला तूच आजारी पडशील. आणि मुलगी! ती झोपायलाच घाबरायला लागली, दिवा मालवला की विचारायची आई मी उद्या उठीन ना. काय उत्तर देणार? त्यामुळे अबोली, तुझं दुःख समजतं ग, पण मला वाटतं हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं.

रिफ्लेक्स_हॅमर
@रातराणी तुम्हाला सांगितलं गेलं नाही, तुमच्या अंगावर टाकलं गेलं. आमच्यातलंच कोणी असं करतं याचं वाईट वाटतं. ईईजी न बघता मी निदान करणार नाही, पण तुम्ही वर्णन करताय त्याला बऱ्याचदा रोलँडिक एपिलेप्सी म्हणतात, ही मुलं पौगंडावस्थेत यातून बाहेर पडतात आणि त्यांच्यात हा धोका अत्यंत कमी असतो. डॉक्टरांना थेट विचारा, "माझ्या मुलीचा प्रकार कोणता आणि तिचा धोका किती?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि यावेळी मुलीला बाहेर आजीजवळ बसवा, आधी तुम्ही दोघं ऐका.

बार्शीकर
आता लिहितो. मी ३४, शाळेत शिक्षक, चौदाव्या वर्षापासून फिट्स. आमच्याकडे आकडी म्हणतात, आजी फेफरं म्हणायची. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, हातात किल्ल्या देणं, दातात चमचा घालणं, सगळं झालंय, चमच्याने पुढचा एक दात अर्धा तुटलाय तो अजून तसाच आहे.

मला सुडेप कसं कळलं? २८ वर्षांचा असताना, रात्री दीड वाजता, एकट्याने, मोबाईलवर. गोळीचे साइड इफेक्ट शोधत होतो आणि तिथून तिथे जात त्या पानावर पोचलो. सकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिलो, आडवा झालो नाही. हे कळायचा सगळ्यात वाईट मार्ग हाच, आणि डॉक्टर सांगत नाहीत तेव्हा प्रत्येक पेशंट याच मार्गाने जाणार, कारण मोबाईल प्रत्येकाकडे आहे. प्रश्न सांगायचं की नाही हा नाहीचे मुळी. कोणाच्या तोंडून कळणार, एवढाच आहे.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना विचारलं. तर ते म्हणाले, तुमच्या आईंना दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. माझ्या आईला! मला बाहेर बाकावर बसवून! मी २६ वर्षांचा, नोकरी करणारा, वर्गात साठ पोरं सांभाळणारा माणूस. आणि माऊली दोन वर्षं ते एकटीने पोटात घेऊन फिरत होती, रात्री तीन-तीनदा उठून माझ्या दारात येऊन उभी राहायची, मी चिडायचो की का झोपमोड करतेस. आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

फिट ज्याच्या अंगात येते त्याला आधी सांगा. त्याची इच्छा असेल तर घरच्यांना बोलवा.

नंतर चांगलंच झालं. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, एक वाढवली, मी वही ठेवायला लागलो, तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री किती झोप. मागच्या तीन वर्षांत एकच मोठी आली. लग्न झालं, बायकोला लग्नाआधी सगळं सांगितलं, हा शब्दसुद्धा. ती म्हणाली मग मला कुशीवर वळवायला शिकवा. लग्न मोडेल म्हणून लपवणाऱ्यांसाठी, १९९९ मध्ये कायदा बदललाय, हिंदू विवाह कायदा आणि स्पेशल मॅरेज ॲक्ट दोन्हींतून एपिलेप्सीची अट काढून टाकली. लोकांच्या डोक्यातून निघायची बाकी आहे ती वेगळी गोष्ट. पुण्यात यशोदा वाकणकरांच्या संवेदना ग्रुपने फिट्स असणाऱ्यांच्या लग्नांचंही काम केलंय, गरज असेल त्यांनी शोधा.

अबोली
बार्शीकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्हीही भावाला प्रत्येक वेळी बाहेर बसवायचो. शेवटपर्यंत. आत मी आणि बाबा.

लीड्सवाली
मी इंग्लंडमध्ये एपिलेप्सी नर्स आहे, मूळची नागपूरची. इकडे कसं चालतं ते लिहिते, म्हणजे आपल्याकडच्यांना कल्पना येईल. इकडेही पूर्वी सांगत नव्हते. मग ज्यांची मुलं अशी गेली त्या आईवडिलांनी १९९५ मध्ये संस्था काढली, आता तिचं नाव सुडेप ॲक्शन. स्कॉटलंडमध्ये दोन तरुण मुलींच्या मृत्यूची कोर्टात चौकशी झाली आणि २०११ मध्ये तिथल्या शेरीफने, म्हणजे न्यायाधीशाने, स्पष्ट लिहिलं की बहुतेक पेशंटना हा धोका निदानाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच सांगायला हवा. आता राष्ट्रीय गाइडलाइनमध्येही आहे.

प्रत्यक्षात मी काय करते? खुर्ची त्यांच्या बाजूला ओढते. पहिला प्रश्न, "तुम्हाला या आजाराच्या धोक्यांबद्दल काय माहीत आहे, आणि किती जाणून घ्यायला आवडेल?" अर्ध्या लोकांना काहीतरी माहीत असतंच, कोणी मनात धरून बसलेलं असतं, मी विचारल्यावर त्यांचे खांदे खाली येतात. एकदम सगळं ओतत नाही. संस्थेची चेकलिस्ट आहे, ती घेऊन फिट्स किती, रात्रीच्या किती, गोळ्या सुटतात का, दारू, एकटं राहणं असं एकेक बघतो, दर वर्षी पुन्हा. घरी न्यायला कागद देते आणि आठवड्याने फोन करते, कारण खरे प्रश्न घरी गेल्यावर सुचतात.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. एक गुजराती सून आलेली, इंग्लिश येत नव्हतं, सासूबाई दुभाषा. मी सावकाश इंग्लिशमध्ये सांगितलं. सासूबाईंनी तिला गुजरातीत सांगितलं, "बेन कहे छे दवा टाइमसर लेवानी." बस. त्यांना माहीत नव्हतं मला गुजराती समजतं. मी सासूबाईंना काही बोलले नाही, पुढच्या वेळी हॉस्पिटलचा दुभाषा बोलावला आणि सुनेला एकटीला भेटले. ती म्हणाली, मला वाटलंच होतं काहीतरी लपवतायत, मला वाटलं मूल होणार नाही असं असेल. बघा, माणूस न सांगितलेल्या जागी काय काय भरतो.

कावेरी_तांडा
मी आरोग्य खात्यात आहे, गाव सांगत नाही. वर सगळं खरं आहे पण आमच्याकडची वस्तुस्थिती ऐका. गोळ्या संपल्या की पेशंटला पुढच्या आठवड्यात या सांगतात, तो पंधरा दिवस बिनगोळीचा राहतो, त्याला वाटतं काय फरक पडतो. ऊसतोडीला गेलेले लोक तर सहा महिने गोळ्यांशिवाय. बंद करून बघू म्हणत अचानक सोडतात, आणि सलग फिट्स सुरू होऊन येतात. मी आता माझ्या भाषेत सांगते, "दादा, ही गोळी फिटची नाही, जिवाची आहे. गोळ्या संपायला आल्या की लगेच मला फोन कर, मी कुठूनही बघते." सुडेप वगैरे शब्द मी वापरत नाही. पण जीव जाऊ शकतो हे सांगते. पहिल्यांदा सांगताना माझेच हात थरथरत होते.

मोगँबो७७
प्रश्न : ते स्मार्टवॉच मिळतं ना फिट ओळखणारं, ते घेतलं की काम झालं का? भाच्यासाठी बघतोय. आणि श्वास कोंडत नाही अशी उशीही दिसली ऑनलाइन.

रिफ्लेक्स_हॅमर
घड्याळ मोठी फिट ओळखून घरच्यांना फोनवर अलार्म देऊ शकतं, अमेरिकेत २०१८ मध्ये अशा एकाला मंजुरीही मिळाली. पण अलार्म वाजल्यावर दोन-तीन मिनिटांत पोचणारं माणूस हवं, नाहीतर उपयोग शून्य. महाग आहे, परवडत असेल तर घ्या, नसेल तर बाळांचा आवाज ऐकवणारा बेबी मॉनिटर किंवा दोन खोल्यांमधलं दार उघडं ठेवणं हेही काहीतरी आहेच. उशीने जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यावर पैसे घालवू नका. स्वीडनच्या २०२० च्या अभ्यासात सगळ्यात जास्त धोका दिसला तो मोठ्या फिट्स येणाऱ्या आणि खोलीत एकटं झोपणाऱ्या लोकांना, मोठ्या फिट्स नसलेल्या आणि खोलीत सोबत असलेल्यांच्या ६७ पट. म्हणून घड्याळाच्या आधी फिट्स कमी करण्यामागे लागा. दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबत नसतील तर मोठ्या एपिलेप्सी सेंटरला दाखवा, काहींना ऑपरेशनने फिट्स थांबतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा हॉस्पिटलमध्ये १९९५ पासून हे काम चालू आहे, मुंबईतही होतं. "अजून एक गोळी वाढवून बघू" यात वर्षं घालवू नका.

आणि सगळ्यांसाठी, फिट आली की घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर थेट १०८. आणि फिट थांबली की "झोपू दे आता" म्हणून खोलीतून निघून जाऊ नका. हाक मारा, हात लावत राहा, श्वास बघा, नीट शुद्धीवर येईपर्यंत थांबा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात. आपल्याकडे फिट थांबली की सगळे सुटकेचा श्वास सोडून चहा टाकायला जातात, आणि खरी धोक्याची मिनिटं तीच.

अबोली
"झोपू दे आता" हे आमच्याकडे कायम. दार ओढून घ्यायचो, त्याला आवाज नको म्हणून.

डॉक्टर, तुम्ही आता नेमकं काय बोलता ते लिहाल का? शब्द. मला ते वाचायचे आहेत.

रिफ्लेक्स_हॅमर
लिहितो. पहिल्या भेटीत घर फारच हादरलेलं असेल तर दुसऱ्या भेटीत, पण दुसऱ्याच्या पुढे ढकलत नाही. त्या दिवशी शेवटचा नंबर देतो म्हणजे बाहेरची घाई नसते. मोबाईल बाजूला. पेशंटकडे बघून, त्याच्याशी :

"तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, ती मी माझ्या सगळ्या फिटच्या पेशंटना सांगतो, तुमचं काही जास्त बिघडलंय म्हणून नाही. फार क्वचित, मोठ्या फिटनंतर श्वास थांबून माणूस दगावतो, बहुतेक वेळा रात्री. तुमच्यासारख्या १००० लोकांत वर्षभरात ९९९ जणांना असं होत नाही, एखाद्याला होतं. मोठ्या फिट्स जितक्या कमी, तितका हा धोका कमी. म्हणून मला तुमची एकसुद्धा मोठी फिट नकोय." मग गप्प बसतो. हा गप्प बसायचा भाग शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कोणी रडतं, कोणी म्हणतं माहीत होतं. मग विचारतो रात्री कुठे झोपता, सोबत कोण, गोळी कधी चुकते. चुकते "का" नाही विचारत, चुकते "कधी" विचारतो, म्हणजे माणूस खरं सांगतो. शनिवारी, प्रवासात, उपवासाला, परीक्षेत. जोखीम जास्त असेल तर आकडा बदलतो, हजारातले एक म्हणून खोटा दिलासा देत नाही.

जेमतेम दहा मिनिटं लागतात. वेळ नसतो हे मी पूर्वी म्हणायचो.

चहाटपरी
ताई, मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या काकाचा मुलगा असाच गेला होता, १५-१६ वर्षं झाली. सगळे हार्ट अटॅक म्हणाले. त्याला फिट्स यायच्या हे घरात कोणी बोलायचं नाही, बहिणींची लग्नं व्हायची होती. आज काकूला फोन केला.

अबोली
काय म्हणाल्या?

चहाटपरी
म्हणाली, मला वाटायचं मी त्या दिवशी त्याला ओरडले होते म्हणून गेला. इतकी वर्षं.

रातराणी
बरेच दिवसांनी आलेय. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. आधी आम्ही दोघं, लेक आजीबरोबर बाहेर. हाच प्रश्न लिहून नेला होता. डॉक्टर रिफ्लेक्स म्हणाले तोच प्रकार निघाला. या डॉक्टर बाईंनी ईईजीचा कागद समोर ठेवून पेनने दाखवलं कुठे काय आहे, तिचा धोका किती कमी आहे ते सांगितलं, नाहीच आहे असं म्हणाल्या नाहीत, आणि मला तेच बरं वाटलं. मग लेकीला आत बोलावलं. तिला म्हणाल्या, तुझ्या मेंदूत कधीकधी रात्री वीज जास्त येते, गोळी म्हणजे फ्यूज. तिने विचारलं मी पोटावर झोपू का, मला तसंच आवडतं. बाई म्हणाल्या, झोपताना कुशीवर झोप, मग झोपेत जशी वळशील तशी वळ.

आता आमच्या दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं असतं. गोळीचा डबा घेतलाय, सात दिवसांचा, सकाळ-रात्रीचे कप्पे असलेला. गोळी घेतली की ती स्वतः कप्पा उघडा ठेवते म्हणजे मला लांबून दिसतो. मी श्वास मोजत नाही. परवा रात्री एकदा मोजले.

अबोली
तो डबा कुठला घेतलास? आमच्या वाड्यात एका मुलाला फिट्स येतात, दहावीला आहे, आई पोळ्या करते लोकांकडे. काल आई स्वतःहून त्यांच्याकडे जाऊन बसली, दीड तास. मी दारात उभी होते. आई सांगत होती गादीवर आली तरी जवळ बसायचं, उठायचं नाही.

रातराणी
साधा मेडिकलमध्ये मिळाला, पारदर्शक झाकणाचा. झाकण पारदर्शकच घे, बाहेरून दिसतं. तुझा पत्ता मेसेज कर, एक पाठवते.